नातीचा स्वेटर अर्ध्यावर थांबलाय. लोकर म्हणजे पाप का?

रामबागची आजी
सहा महिन्यांच्या नातीसाठी पिवळा स्वेटर घेतलाय विणायला. पाठ झाली, पुढचे भाग झाले, एक बाही झाली. काल बंगळुरूहून सूनबाईंचा फोन आला, "आई, लोकरीचं काही नको, मेंढ्यांचे फार हाल करतात." सोबत व्हिडिओही पाठवला. मला तो अर्धाच बघवला.
माझं सरळ म्हणणं असं: लोकर काढणं म्हणजे केस कापणं. मेंढी काही मरत नाही. घरात दूध चालतं, इंदूरला आल्या की सराफ्यातली रबडी चालते, मग स्वेटरवरच राग का? चुकत असेन तर सांगा, पण भाषण नको.

हिरवा पाला
आजी, रबडी मी सोडलीय, म्हणून बोलायचा थोडा हक्क घेतो. व्हिडिओत बहुधा ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढ्या असतील. लोकर जास्त यावी म्हणून ही जात सुरकुत्यांची केली. शेपटीखालच्या ओलसर वळ्यांत माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मेंढीला खातात. त्यावर उपाय म्हणून कोकराच्या मागच्या भागाची कातडीच कापून काढतात. याला म्युलसिंग म्हणतात. न्यूझीलंडनं २०१८ मध्ये ते बंद केलं. ऑस्ट्रेलियातल्या लोकर उद्योगानं २०१० पर्यंत थांबवू असा शब्द दिला होता, तो २००९ मध्येच फिरवला. त्यात कातरणाऱ्याला मजुरी मेंढीमागे मिळते, तासावर नाही. हात किती जपून चालत असेल, सांगा.

धनगराचा भाचा
म्युलसिंग वाईटच, वाद नाही. पण त्यावरून जगातल्या सगळ्या मेंढपाळांना एका काठीनं हाकू नका. माझं आजोळ जत तालुक्यातलं. दख्खनी मेंढीला ना त्या सुरकुत्या, ना ते ऑपरेशन. वर्षाकाठी लोकर जेमतेम अर्धा किलो, तीही जाडीभरडी, घोंगडीची. मामा आधी मेंढ्या धुतात, मग पाय बांधून आडवी पाडतात आणि कातरतात. कातर लागते कधीकधी, खोटं कशाला बोलू. हळद भरतात.
आणि पैसा? कातरायची मजुरी खिशातून जाते आणि लोकर बांधावर पडून राहते. घेणाराच नाही. म्हणून लोक आता माडग्याळ जातीकडे वळलेत. तिच्या अंगावर लोकर जवळजवळ नसतेच, वजन मात्र चांगलं भरतं. लोकरीवर बहिष्कार टाकून मेंढी वाचते हे मला तरी दिसलं नाही. उलट तिचं फक्त मटण उरलं.

हिरवा पाला
"पाय बांधून" हे तुम्हीच लिहिलंत. तिची मर्जी कुणी विचारली?

धनगराचा भाचा
आजींच्या नातीचं जावळ काढाल तेव्हा तीही रडेल, मांडीत घट्ट धरावं लागेल. आमच्याकडे कोकराच्या पहिल्या लोकरीलाही जावळच म्हणतात.

हिरवा पाला
नातीला म्हातारपणी खाटकाकडे पाठवत नाहीत.

बायपासवाला
हे मात्र लागलं, भिया. तरी एक मुद्दा राहतो. २०१५ मध्ये कॅनबेराजवळ कळपातून हरवलेला एक मेरिनो सापडला होता. त्याच्या अंगावरून चाळीस किलोहून जास्त लोकर निघाली. बिचाऱ्याला चालवत नव्हतं. न कातरणं हाही छळच.
आमच्या शेताकडे दरवर्षी मारवाडातले रेबारी उतरतात. उंटावर खाट, खाटेवर कोकरं. शेतात रात्री मेंढ्या बसवल्या की लेंड्यांचं खत मिळतं. त्या माणसांना "क्रूर" म्हणताना माझी जीभ अडते.

हिरवा पाला
रानमेंढीची लोकर आपोआप गळते. न गळणारी जात माणसानं तयार केली. आधी अडचण निर्माण करायची, मग ती सोडवल्याचं पुण्य घ्यायचं! रेबाऱ्यांबद्दल मात्र मान्य. माझं भांडण कारखान्याशी आहे.

ताणाबाणा
सूतगिरणीत नोकरी झाली म्हणून मध्ये पडते. आजी, आधी लेबल बघा. आपण मराठीत विणायच्या कुठल्याही गुंड्याला लोकरच म्हणतो. लेबल नसेल तर धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रेलिक वितळतं आणि काळा कडक मणी उरतो. खिडकी उघडी ठेवा.

रामबागची आजी
गॅसजवळ जाऊन आले. मणी उरला. कडक.
राजवाड्यामागच्या एका दुकानातून तीस वर्षं "लोकर" आणतेय मी! यांचे मफलर, मुलांचे टोपरे, सगळं आठवून बघतेय.

हिरवा पाला
मग प्रश्नच मिटला, आजी. मेंढीला कुणी हात लावला नाही. विणा बिनधास्त.

ताणाबाणा
मिटला कसा? ॲक्रेलिक खनिज तेलापासून होतं. प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू सुटतात आणि नाल्यातून नदीत जातात. तिथल्या माशांना जीव नाही का? शिवाय ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. तान्ह्या बाळासाठी मला लोकरच बरी वाटते. म्युलसिंग न केलेल्या मेंढ्यांची लोकर तसा शिक्का मारून विकतात, महाग पडते पण मिळते.

हिरवा पाला
सुती धागा घ्या ना. बंगळुरूत थंडी ती किती?

धनगराचा भाचा
कापसावर फवारणी करणाऱ्या माणसाचं काय, हा धागा वेगळा काढू या. आजी, मामांकडून जावळाची लोकर मागवतो. फुकट. थोडी टोचेल, आतून मलमलचं अस्तर लावा.

रामबागची आजी
मागव बाळा, पण विचारून. आत्ताच सूनबाईंना फोन केला. म्हटलं काळजी नको, मेंढीचं नाहीच हे, ॲक्रेलिक आहे. तर म्हणाली, "प्लॅस्टिक? बाळाच्या अंगाला?"
दुसरी बाही सुईवर तशीच आहे.