विज्ञानकथेच्या संपादिका: श्रेय कुणाच्या खात्यावर?

समासातली

विज्ञानकथा आणि स्त्रिया असा विषय निघाला की गाडी टोपणनावांपाशी येऊन थांबते. ॲलिस शेल्डन ‘जेम्स टिप्ट्री ज्युनिअर’ या नावाने लिहीत होत्या. रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी १९७५ साली त्या लेखनात पुरुषी हात स्पष्ट दिसतो असं छापून टाकलं आणि १९७७ मध्ये खरं उघड झालं. गोष्ट रंगतदार आहे, मलाही आवडते. पण ती सांगण्याच्या नादात दुसऱ्याच काही बायका राहून जातात. लेखकांची बाडं उघडून वाचणाऱ्या, त्यातून निवड करणाऱ्या, पुस्तकामागे पैसे लावणाऱ्या.

सील गोल्डस्मिथ पंचावन्नच्या सुमाराला मासिकं काढणाऱ्या झिफ-डेव्हिस कंपनीत लागल्या तेव्हा विज्ञानकथेशी त्यांचा काही संबंध नव्हता. न मागवता आलेल्या हस्तलिखितांचा ढीग उपसणं हे त्यांच्या कामांपैकी एक. अशा ढिगातलं नव्वद टक्के ‘साभार परत’ करायचं असतं, आणि उरलेल्या दहासाठी कान तयार असावा लागतो. १९५८ च्या अखेरीस ‘अमेझिंग’ आणि ‘फँटॅस्टिक’ ही विज्ञानकथा-फँटसीची दोन्ही मासिकं त्यांच्या हाती आली. पुढे १९६२ चे फक्त तीन महिने बघा. ऑगस्टमध्ये रॉजर झेलाझ्नी, सप्टेंबरमध्ये उर्सुला ले ग्विन, ऑक्टोबरमध्ये थॉमस डिश. तिघंही पुढे नावाजले, पण तेव्हा नवखे. ले ग्विन यांना मोबदला मिळालेली ही पहिली कथा. तीन महिन्यांत अशी तीन माणसं ओळखणारा दुसरा संपादक मला सापडलेला नाही.

दुसऱ्या बेटी बॅलंटाइन. जन्म १९१९, फैजाबाद. नवऱ्याबरोबर १९५२ साली ‘बॅलंटाइन बुक्स’ काढलं आणि त्रेपन्न साली रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरनहाइट ४५१’ छापली. विज्ञानकथा तोवर प्रामुख्याने मासिकांत यायची नि महिन्याभरात रद्दीत जायची. तिला कादंबरी म्हणून पेपरबॅकमध्ये पाय रोवता आले, त्यात या प्रकाशनगृहाचा मोठा वाटा.

आणि तिसऱ्या जूडी-लिन डेल रे, ज्यांच्याबद्दल मी तासभर बोलू शकते. १९७३ मध्ये बॅलंटाइनमध्ये आल्या. ज्या चित्रपटाबद्दल फारसं कुणी ऐकलंही नव्हतं, त्याच्या कादंबरीचे हक्क घेतले आणि ७६ च्या अखेरीस ती बाजारात आणली. ‘स्टार वॉर्स’ पडद्यावर आला मे ७७ मध्ये.

माझं म्हणणं असं: विज्ञानकथा हा प्रकार आज ज्या रूपात आपल्या हातात येतो, त्या रूपाला घडवण्यात या बायकांचा हात लेखकांइतकाच आहे, आणि श्रेय मात्र नवऱ्यांच्या नि कंपन्यांच्या खात्यावर जमा झालं आहे.

पानगळ

असहमत, आणि जरा सविस्तर.

‘विसरलेल्या स्त्रिया’ ही मांडणी सोयीची आहे, म्हणून ती पुन्हापुन्हा केली जाते. सी. एल. मूर या लेखिकेचं उदाहरण घ्या. आद्याक्षरं लावली ती बाई असल्याचं लपवायला, असं अजूनही ठोकून दिलं जातं. त्यांनी स्वतः कारण सांगितलं आहे. त्या बँकेत नोकरीला होत्या, लिहून वरचे पैसे मिळतात हे तिथे कळायला नको होतं. अभ्यासक एरिक लीफ डेव्हिन यांनी १९२६ ते १९६५ मधली मासिकं चाळून दोनशेहून जास्त लेखिका मोजल्या. क्लेअर विंगर हॅरिस तर १९२७ सालीच ‘अमेझिंग’मध्ये स्वतःच्या नावानिशी छापून आल्या होत्या. ले ग्विन यांची एक कथा १९६९ मध्ये ‘प्लेबॉय’ने ‘यू. के. ले ग्विन’ अशा नावाने छापली. त्याबद्दल लिहिताना त्याच म्हणतात की संपादक-प्रकाशकांकडून बाई म्हणून भेदभाव वाट्याला आला तो एवढा एकदाच.

गोल्डस्मिथ यांना १९६२ च्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात खास सन्मान मिळाला होता. म्हणजे त्या काळातही त्यांची दखल घेतली गेली होती. त्यांना झाकोळलं हे कशाच्या आधारावर म्हणायचं?

समासातली

@पानगळ, मूर यांच्या बँकेचं मान्य, म्हणून तर मी टोपणनावांत शिरले नाही. बासष्टचा सन्मानही खरा.

पण पुढे काय झालं तेही सांगा ना. १९६५ मध्ये दोन्ही मासिकं विकली गेली. नव्या मालकाने जुन्याच कथा पुन्हा छापायला घेतल्या, आणि सुरुवातीला लेखकांना त्याचे पैसेही दिले नाहीत. गोल्डस्मिथ झिफ-डेव्हिसमध्येच राहिल्या आणि त्यांची रवानगी झाली लग्नविषयक मासिकात. तिथेही त्या नावारूपाला आल्या, ते निराळं. झेलाझ्नींना हेरणारी नजर त्यानंतर वधूवेशांच्या पानांवर खर्च झाली याची मला मनापासून हळहळ वाटते.

लाल शाई

धाग्याच्या मूळ मुद्द्याला माझा वेगळा आक्षेप आहे. मी बावीस वर्षं संपादनाचं काम केलं, पुरुष आहे. एका कादंबरीचं अकरावं प्रकरण उचलून पहिलं करायला लावलं होतं. लेखक आठ दिवस बोलत नव्हता, मग करून आणलं. मधली चाळीस पानं आम्ही दोघांनी टेबलावर समोरासमोर बसून काढून टाकली. पुस्तक गाजलं. प्रकाशन समारंभात माझी खुर्ची सातव्या रांगेत होती आणि मनोगतात माझा उल्लेख आला नाही. वाईट वाटलं, आजही वाटतं.

सांगायचा मुद्दा, हे बाईपणाचं दुखणं नाही, धंद्याचं आहे. संपादकाने केलेलं काम नीट झालं असेल तर वाचकाला दिसतच नाही. समासात लिहिलेलं छापलं जात नाही.

निशाचर

लाल शाई, तुमच्याबाबतीत झालं ते वाईटच. पण या क्षेत्रापुरतं तुमचं म्हणणं टिकत नाही.

जॉन कॅम्पबेल संपादकच होते. १९३७ पासून १९७१ पर्यंत एकच मासिक चालवलं आणि त्या कालखंडाला लोक त्यांच्या नावाने ओळखतात. त्यांच्या नावाने पुरस्कार निघाले. ह्यूगो गर्न्सबॅक संपादक-प्रकाशकच होते, सगळ्यात मानाचा पुरस्कार त्यांच्या नावाने आहे. मग त्यांचं काम कसं दिसलं? मेरी नेडिंगर यांनी १९३९ ते १९५३ ‘फेमस फँटॅस्टिक मिस्टरीज’ सांभाळलं, डोरोथी मॅकइल्रेथ यांनी १९४० ते १९५४ ‘वीअर्ड टेल्स’. दोघींची चौदा-चौदा वर्षं. यातलं एक तरी नाव इथल्या किती जणांनी आधी ऐकलं होतं?

व्यावसायिक संपादकाचा ह्यूगो १९७३ पासून दिला जाऊ लागला. तो पहिल्यांदा एका बाईला मिळाला १९८४ मध्ये, शॉना मॅकार्थी यांना. जूडी-लिन यांना जाहीर झाला १९८६ मध्ये, त्या वारल्यानंतर. त्यांचे नवरे लेस्टर डेल रे यांनी तो नाकारला. म्हणाले, केवळ मेली म्हणून दिलेला पुरस्कार तिला स्वतःलाच पटला नसता. नवऱ्याच्या खात्यावर श्रेय गेलं म्हणता, पण ती जखम जाहीरपणे दाखवली ती नवऱ्यानेच. हेही लक्षात असू द्या.

पानगळ

लेस्टर यांचा विषय निघालाच आहे तर तिथेच बोलतो. ‘डेल रे’ ही बॅलंटाइनची मुद्रा, म्हणजे वेगळ्या नावाची पुस्तकमालिका, १९७७ साली सुरू झाली ती टेरी ब्रूक्स यांच्या एका जाडजूड फँटसीने. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्किनच्या साच्यातून काढलेली. त्यानंतर जे पेव फुटलं ते आठवा. एक शेतकऱ्याचा पोर, एक म्हातारा जादूगार, एक तलवार, आणि तीन खंड. बाजार मोठा झाला, फँटसी लहान झाली. संपादिकांना खपाचं श्रेय द्यायचं तर या साचेबंदपणाचं अपश्रेयही त्यांच्याच पदरात घाला.

समासातली

ते पुस्तक काढलं लेस्टर यांनी! फँटसीचं टेबल त्यांचं, विज्ञानकथेचं जूडी-लिन यांचं. मी वर म्हणते आहे ते हेच. आधी त्या आल्या, ७३ मध्ये. लेस्टर त्यांच्यानंतर आले, त्यांच्या आग्रहाने. तरी ‘डेल रे’ वाचलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लेखक म्हणून आधीच माहीत असलेला नवरा येतो. आणि खापर फोडायची वेळ आली की ते दोघांवर फुटतं. जमाखर्च असा नाही मांडायचा.

पानगळ

टेबलं वेगळी होती, मान्य. ते वाक्य मागे घेतो.

बेटी बॅलंटाइन यांच्याबाबत मात्र मागे घेणार नाही. ज्या ‘फॅरनहाइट ४५१’चा तुम्ही अभिमानाने उल्लेख केलात, तिची शाळांसाठीची आवृत्ती त्यांच्याच घराने १९६७ मध्ये काढली आणि तीत ब्रॅडबरींना न विचारता पंचाहत्तर ठिकाणी बदल केले. शिव्या काढल्या. दारुड्या माणसाचा आजारी माणूस केला. एके ठिकाणी बेंबीतला मळ काढण्याचा उल्लेख होता, तिथे कान साफ करण्याचा घातला. पुस्तकं जाळण्याविरुद्धच्या पुस्तकाची ही गत! त्या वेळी कंपनी बॅलंटाइन दांपत्याच्याच हातात होती. १९७३ पासून तर फक्त हीच कापलेली प्रत विकली जात होती, आणि ब्रॅडबरींना पत्ता नव्हता. पायोनिअर म्हणून गौरव करताना हे पान उलटून पुढे जायचं का?

निशाचर

नाही जायचं. पण अर्ध्यावर थांबायचंही नाही. १९७९ मध्ये विद्यार्थ्यांच्या पत्रांमधून ब्रॅडबरींना हा प्रकार कळला. त्यानंतर संपूर्ण पुस्तक पुन्हा जुळवून, काढलेला शब्द न् शब्द जागेवर बसवून नवी आवृत्ती काढवून घेतली ती जूडी-लिन डेल रे यांनी. चालू खपाच्या पुस्तकाचा सगळा मजकूर नव्याने जुळवायचा म्हणजे खर्च, वेळ आणि आपल्याच कंपनीने चूक केली याची कबुली. ब्रॅडबरींनी त्या आवृत्तीला जोडलेल्या टिपणात त्यांचं नाव घेऊन हे लिहिलं आहे.

म्हणून या सगळ्यांची एकत्र ओवाळणी मलाही नको. एकीच्या घरात झालेली चूक दुसरीने निस्तरली, हे नावानिशी सांगता आलं पाहिजे. ‘कंपनीने दुरुस्ती केली’ असं लिहिलं की झालं, नाव गेलंच.

लाल शाई

कॅम्पबेलचं उत्तर माझ्याकडे नाही. ते मुद्द्यालाच लागलं.

पण समासातली, एक विनंती. यादी अमेरिकेतच सुरू नका करू. रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ १९०५ सालची. पुरुष पडद्याआड, बायका सूर्याच्या उष्णतेने लढाई जिंकतात, पावसाचं पाणी ढगांतूनच काढून घेतात. ती छापली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’ने. १९०१ मध्ये ते काढलं कमला सत्यनाथन यांनी, आणि संपादनही त्यांचंच. ‘अमेझिंग’चा पहिला अंक यायला तेव्हा एकवीस वर्षं अवकाश होता. कथेचं नाव आता जगभर घेतात. ती स्वीकारणारीचं नाव घेताना मी क्वचितच ऐकलं आहे.

समासातली

लाल शाई, हे माझ्याकडून राहिलंच. संपादिकांबद्दल लिहायला बसले आणि सुरुवात न्यूयॉर्कपासून केली. कमलाबाईंना पहिलं ठेवायला हवं होतं.

पानगळ

मूळ मुद्द्याला माझा विरोध अजून आहे. ‘लेखकांइतकाच हात’ हे मला जास्त वाटतं. ले ग्विन दुसऱ्या मासिकात छापल्या गेल्याच असत्या.

पण निशाचर यांचा प्रतिसाद वाचून उठलो आणि कपाटातून माझी ‘फॅरनहाइट’ काढली. कॉलेजात असताना जुन्या पुस्तकांत घेतलेली, बॅलंटाइनची, छपाई १९७६ ची. चार वेळा वाचली आहे. ते पान शोधायला दहा मिनिटं लागली.

कानच आहेत.