रात्रीची शू: आधी उठवणं थांबवा

ताई, तीन वर्षांची लेक दिवसा बरोबर सांगते, पण रात्री गादी ओली करते, म्हणून तुम्ही तिला दोनदा उठवून बाथरूमला नेता, असं तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर ते उठवणं आधी बंद करा. दिवसाची सवय लावता येते. रात्रीचं मात्र शरीरावर असतं. झोपेत लघवी कमी तयार करणारं संप्रेरक पुरेसं यायला वेळ लागतो. 5 वर्षांपर्यंत डॉक्टरही याला आजार म्हणत नाहीत. या वयात दुपारची धरून 10 ते 13 तास झोप लागते, ती मोडली की लेकरू दिवसभर किरकिर करतं.

आमच्याकडे नाशिकच्या थंडीत वेगळंच निघालं. डिसेंबरात फरशी बर्फासारखी, त्यामुळे मुलगा झोपताना बाथरूमला जायचंच टाळायचा. पलंगाशेजारी गोणपाटावर पॉटी ठेवली, झीरोचा दिवा लावला, आणि तो आपणहून बसू लागला. गादीवर रबरी शीट, वर सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची घडी. ओली झाली की घडी बदलायची, दिवा मोठा करायचा नाही, बोलायचं नाही. पाहुण्यांसमोर 'शेम शेम' तर कुणालाच करू देऊ नका, फार लागतं हो पोरांना.

शी कडक होते का तेही बघा. बद्धकोष्ठात मूत्राशयावर दाब येतो. आणि सहा महिने कोरडी राहून पुन्हा सुरू झालं, जळजळ किंवा खूप तहान असली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.