रॉक बँडचा प्रत्यक्ष कार्यक्रम मोठा कशामुळे ठरतो?

तबकडीप्रेमी (प्रश्न):

नमस्कार. काही बँड मंचावर आपली गाणी ध्वनिमुद्रणात आहेत तशीच, एकही सूर न चुकवता वाजवतात, आणि तरीही ऐकणारा कोरडाच राहतो. याउलट डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडने ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियो येथे केलेल्या तीन कार्यक्रमांतून निघालेला ‘मेड इन जपान’ हा अल्बम आज इतक्या वर्षांनीही अंगावर काटा आणतो. त्यातले शेवटचे गाणे मूळ अल्बमात साडेचार मिनिटांचे आहे, पण येथे ते सुमारे वीस मिनिटे चालते आणि तबकडीची एक पूर्ण बाजू व्यापते. तरीही ते लांबवल्यासारखे वाटत नाही. हा फरक नेमका कशातून येतो? वादनकौशल्य, आवाजाची ताकद, प्रकाशयोजना, श्रोत्यांचा उत्साह अशी उत्तरे मला ठाऊक आहेत, पण त्यांतले एकही मला पुरेसे वाटत नाही. ज्यांनी स्वतः वाजवले आहे किंवा ध्वनिव्यवस्था सांभाळली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खर्जातला:

मी बास गिटार वाजवतो, त्यामुळे माझे कान आधी तळाकडे जातात. आपण सांगितलेल्या त्या वीस मिनिटांत फक्त इयान पेस यांचे ड्रम आणि रॉजर ग्लोव्हर यांचा बास यांकडे लक्ष देऊन एकदा ऐकावे, अशी विनंती आहे. वर जॉन लॉर्ड यांचा हॅमंड ऑर्गन मार्शल अँपमधून (आवाज वाढवणाऱ्या यंत्रातून) गुरगुरत असतो, रिची ब्लॅकमोर यांची गिटार कोठे वळेल याचा नेम नसतो. पण खालचा ठेका कधीही डळमळत नाही, आणि तरीही तो यांत्रिक नाही. गिटार हळू झाली की पेस तत्काळ हात आखडता घेतात, ऑर्गन चढू लागला की त्याच्या आधी अर्धे पाऊल पुढे जाऊन त्याला जागा करून देतात. याच अल्बममध्ये एका गाण्यात गायक इयान गिलन यांचा आवाज आणि ब्लॅकमोर यांची गिटार यांची जी देवघेव चालते, ती आपल्याकडच्या सवालजवाबासारखीच आहे. समोरच्याने काय म्हटले हे पूर्ण ऐकल्याशिवाय जवाब देता येत नाही.

माझे मत असे की मोठ्या कार्यक्रमाचे मूळ या ऐकण्यात आहे. जो बँड ध्वनिमुद्रणाची हुबेहूब नक्कल करतो, त्यातला प्रत्येक जण आपल्या पाठ केलेल्या जागा आठवत असतो. त्याला शेजाऱ्याकडे कान देण्याची गरजच उरलेली नसते. श्रोत्याला हे शब्दांत सांगता आले नाही, तरी जाणवते.

मिक्सरमागे:

खर्जातला यांच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे, मात्र त्यात एक भर घालणे मला अत्यावश्यक वाटते. कलाकारांना एकमेकांचे ऐकायचे असेल, तर आधी ते मंचावर ऐकू आले पाहिजे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी बीटल्स न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५,००० श्रोत्यांसमोर वाजवत होते. त्यांच्याकडे १०० वॅटचे अँप होते, गाण्याचा आवाज स्टेडियमच्या लाउडस्पीकरवर होता आणि कलाकारांना स्वतःचे ऐकवणारे मॉनिटर तेव्हा प्रचारात नव्हते. किंकाळ्यांच्या त्या कल्लोळात ड्रमर रिंगो स्टार यांना पुढच्या तिघांच्या हालचाली पाहून आपण गाण्यात कोठे आहोत याचा अंदाज घ्यावा लागे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६६ मध्ये, त्यांनी दौरे कायमचे थांबवले. त्याला इतर कारणेही होती, पण स्वतःचेच वादन ऐकू न येणे हे त्यांतले लहान कारण नव्हते.

याच्या दुसऱ्या टोकाला १९७४ ची ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडची ‘वॉल ऑफ साउंड’ ही व्यवस्था आहे. त्यांनी लाउडस्पीकरची प्रचंड भिंत कलाकारांच्या मागे उभी केली, म्हणजे श्रोत्यांना जे ऐकू जाईल तेच मंचावरही ऐकू येईल. त्यामुळे मागचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून फीडबॅक, म्हणजे कर्कश शीळ, होण्याचा धोका होता. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक गायकापुढे दोन माइक उलट्या फेजमध्ये, म्हणजे एकाचा संकेत दुसऱ्याच्या बरोबर उलटा राहील असे, जोडून ठेवले आणि गायक एकातच गात असे; दोन्ही माइकमध्ये सारखाच पोहोचणारा आवाज एकमेकांना छेदून नाहीसा होई. ही व्यवस्था वाहून नेणे आणि उभारणे इतके खर्चिक होते की त्या वर्षानंतर ती मोडीत काढली गेली. तरीही मला तिच्याबद्दल अपार आदर आहे, कारण एवढा खटाटोप कलाकार आणि श्रोते यांनी एकच गोष्ट ऐकावी यासाठी होता.

पाचगणीकर:

वरचे विवेचन मोलाचे आहे, पण त्यातून श्रोते थोडे बाजूला पडले आहेत असे मला वाटते. १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीसाठीच्या कार्यक्रमात क्वीन या ब्रिटिश बँडला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर साधारण वीस मिनिटे मिळाली होती. दिवसाचा लख्ख उजेड असल्याने त्यांच्या नेहमीच्या प्रकाशयोजनेचा आधार नव्हता, आणि समोरचे सुमारे ७२,००० लोक केवळ त्यांच्यासाठी आलेले नव्हते. क्वीनने आधी लंडनमध्ये कसून तालीम केली आणि गाणी निर्दयपणे कापली. आपल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचा केवळ सुरुवातीचा भाग घेऊन ते थेट पुढच्या गाण्यावर गेले.

क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण आमच्या पाचगणीत झाले, म्हणून मी त्यांच्याकडे अधिक जिव्हाळ्याने पाहतो हे मान्य करतो. पण ते लोकांकडून आलाप म्हणवून घेतात तो भाग तटस्थपणे पाहावा. आवाजाला १०० मीटर जायला सुमारे ०.३ सेकंद लागतात, म्हणजे मध्यम लयीत अर्ध्या मात्रेहून अधिक. त्यामुळे एवढ्या मोठ्या मैदानात लोकांना सलग बरोबर गायला लावले की सगळे विस्कटते. मर्क्युरी एक छोटा तुकडा गातात, थांबतात, उत्तर पूर्ण परत येऊ देतात आणि मगच पुढचा, किंचित अवघड तुकडा टाकतात. शेजाऱ्याच्या वादनाला कान द्यावा तसा त्यांनी तेथे संपूर्ण स्टेडियमला कान दिला.

तबकडीप्रेमी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझी भाची पुण्यात महाविद्यालयीन बँडमध्ये गाते आणि लवकरच त्यांचा एका लहान सभागृहात कार्यक्रम आहे. त्यांच्या उपयोगाचे काही सांगता येईल का?

मिक्सरमागे:

अवश्य. साउंडचेकच्या (कार्यक्रमाआधी ध्वनिव्यवस्था तपासण्याच्या) वेळी त्यांनी सर्वांत संथ आणि सर्वांत गजबजलेले अशी दोन गाणी वाजवून पाहावीत. आपल्या मॉनिटरमध्ये केवळ स्वतःचा आवाज वाढवून न मागता भाचीने बासही थोडा मागून घ्यावा, म्हणजे सूर आणि ठेका दोन्हींचा आधार मिळेल. लहान सभागृहात ड्रमचा आवाज मुळातच मोठा असतो, त्यामुळे गिटारवाल्यांनी अँप गुडघ्याच्या उंचीवरून कानाकडे तिरके करून ठेवावेत. त्यांना कमी आवाजातही स्वतःचे स्पष्ट ऐकू येईल. आणि तालमीत एक गाणे तरी असे असावे की ज्याचा शेवट ठरलेला नाही, तो ड्रमरच्या खुणेवर होईल.