उद्यानातल्या माळावर झाडं लावायची का?

माळकरी:
उद्यानाच्या एका अंगाला गवताळ माळ, दुसऱ्या अंगाला उथळ तळं, म्हणजे पाणथळच. आता प्रस्ताव आलाय की माळावर वृक्षारोपण करायचं, तळ्यातला गाळ काढून काठाला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) करायचं आणि भोवती जॉगिंग ट्रॅक काढायचा. गवत 'फार माजलंय' म्हणून ते जूनमध्येच कापणार.

माझा विरोध आहे. झाडं लावली की निसर्ग वाढतो, हे माळाला लागू नाही. चंडोल गवताच्या बुंध्याशी जमिनीवर घरटं करतो. टिटवी तर तेवढेही कष्ट घेत नाही. मातीत उथळसा खळगा, त्यात ठिपकेदार मातकट अंडी, बहुधा चार. दोन पावलांवर उभं राहूनही खडे कुठले आणि अंडी कुठली ते कळत नाही. तिथे उंच झाड आलं की कावळ्याला, शिक्र्याला आयता मचाण मिळतो. टिटवीची वीण मार्चपासून पावसाळ्यापर्यंत चालते, म्हणजे जूनमध्ये यंत्र फिरवणं ही सगळ्यात वाईट वेळ. हिवाळ्यात आपल्याकडे येणारे भोवत्ये, म्हणजे माळावर शिकार करणारे पक्षी, तर झाडावर नाही, उंच गवतात जमिनीवर रात्र काढतात.

सकाळची_फेरी:
म्हणजे पक्ष्यांसाठी उद्यान आणि माणसांनी घरी बसायचं? नऊ वाजता त्या माळावर उभं राहून दाखवा. म्हाताऱ्या माणसांना टेकायला सावली नाही, गुडघाभर गवतात साप निघाला तर जबाबदार कोण? आणि तळं माणसांनी खणलेलं, उन्हाळ्यात कोरडं पडतं. त्याला पाणथळ म्हणायचं कशाच्या जोरावर? तुम्हाला फोटो मिळतात एवढंच खरं कारण दिसतंय.

चिखलपाय:
फोटोंचं सोडा, माझ्याकडे कॅमेराच नाही. पण पाणथळीचं उत्तर देते. पाणथळी जपण्यासाठीच्या 1971 च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम, कायमच्या आणि तात्पुरत्या अशा सगळ्या पाणथळी येतात. आणि तळं आटतं हाच तर त्याचा गुण आहे! पाणी मागे सरकतं तसा ओला चिखल उघडा पडतो, त्यात किडे-अळ्या असतात आणि तुतवार, म्हणजे चिखलात चोच खुपसून खाणारे छोटे पक्षी, त्यासाठीच येतात. त्यांचे पाय बोटभर, खोल पाण्यात ते काय करणार? गाळ काढून सरळ भिंतीसारखा काठ केलात तर बुडी मारणारे पाणकावळे आणि टिबुकल्या राहतील, चिखलातले सगळे जातील. गाळ काढायचाच असेल तर मधला काढा, काठाला उतार राहू द्या.

कलम_बहाद्दर:
व्याख्या बरोबर, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. आपल्याकडच्या 2017 च्या पाणथळ नियमांतून खास मनोरंजनासाठी बांधलेल्या जागा वगळल्या आहेत. पिण्याच्या पाण्याची आणि सिंचनाची तळीही वगळली आहेत. हे तळं कशासाठी खणलं त्याचा कागद आधी शोधा. तो मनोरंजनाचा निघाला तर कायद्याचा धाक दाखवून उपयोग नाही, लोकांना पटवावंच लागेल.

गवत्या:
मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. माळकरी, गवताला हातच लावायचा नाही म्हणाल तर काही वर्षांत तिथे घाणेरी आणि सुबाभूळ माजेल, मग चंडोलही जाईल. माळ हा चरून, कापून माळ राहतो. शिवाय सगळ्या पक्ष्यांना एकच गवत चालत नाही. डोंबारी चंडोल उघड्या, विरळ जमिनीवर रमतो. नर वर चढतो, पंख मिटून शीळ घालत खाली कोसळतो, जमिनीजवळ येऊन पुन्हा उचलतो. भोवत्याला मात्र उंच गवत लागतं. म्हणून पावसाळा सरल्यावर, गवताचं बी पडून गेल्यावर कापा, तेही पट्ट्यापट्ट्याने. एक पट्टा या वर्षी, दुसरा पुढच्या.

माळकरी:
हात लावू नका असं मी म्हटलेलं नाही, जूनमध्ये नको म्हटलंय. पट्ट्यांची कल्पना उत्तम. सावलीसाठी फाटकाजवळ आणि कुंपणालगत झाडं लावा, तिथे बाकं टाका. माळाचा मधला भाग मोकळा ठेवा आणि ट्रॅक तळ्याभोवती पूर्ण न काढता एकाच काठाने न्या, एवढीच मागणी आहे.

सकाळची_फेरी:
हे आधी बोलला असतात तर वाद वाढला नसता. आता माझं ऐका. पक्षी बघणारे सगळे साधू नाहीत. मोबाइलवर आवाज लावून पक्ष्याला झुडपातून बाहेर काढणारे आणि घरट्याच्या फोटोसाठी गवतात आडवे पडणारे आम्ही रोज बघतो. फिरणाऱ्यांना नियम आणि यांना सूट, असं चालणार नाही.

चिखलपाय:
शंभर टक्के. विणीच्या काळात आवाज लावला की नर घुसखोर आला समजून हुसकावायला धावतो, तेवढा वेळ घरट्याकडे दुर्लक्ष होतं. फलक लावायचा तर त्यावर हे पहिलं लिहा. मोकळ्या कुत्र्यांचंही त्याच फलकावर येऊ द्या, ती पक्षी बघणाऱ्यांची नसतात!

सकाळची_फेरी:
कुत्र्यांचं मान्य. पण तळ्याभोवती ट्रॅक पूर्ण नको, हे नाही पटलं. अर्ध्यात जाऊन परत फिरायचं, ही कसली फेरी?

माळकरी:
हो, परतच फिरायचं. एका काठाने माणसं गेली तर पक्षी पलीकडच्या काठाला सरकतात आणि तिथे खात राहतात. चहूबाजूंनी पळणारे असतील तर त्यांना तळंच सोडून उडावं लागतं. तुमचं अंतर तेवढंच भरेल, गोल नसेल इतकंच.