मदत हवी आहे: भाऊ एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, लग्नाच्या मुलीला कधी आणि कसं सांगावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. माझा धाकटा भाऊ एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. घरात हे फक्त मला माहीत आहे. सरकारी एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) केंद्रातून औषधं मोफत मिळतात, रोज रात्री एक गोळी घेतो. बाटलीवरचं लेबल मात्र घरी यायच्या आधीच काढून टाकतो. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, आता इतकं कमी आहे की तपासणीत सापडतच नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या न चुकवता असंच राहिलं तर शरीरसंबंधातून बायकोला लागण होणार नाही, मूलही निरोगी होऊ शकतं.

आईबाबांनी स्थळं बघायला घेतली आहेत. साताऱ्याच्या आत्याने त्याचा बायोडेटा सगळ्या ग्रुपवर टाकलाय. भाऊ म्हणतो, "ताई, मुलीला अंधारात ठेवून मी बोहल्यावर चढणार नाही." माझंही तेच मत आहे, त्यामुळे कृपा करून लपवायचा सल्ला देऊ नका.

भीती वेगळीच आहे. मुलीला सांगितलं की तिच्या घरी कळणार, मग मध्यस्थाला, मग भावकीत. बाबांचे एक चुलतभाऊ नव्वदच्या दशकात याच आजाराने गेले. त्यांचं ताट-वाटी, अंथरूण वेगळं केलं होतं, शेवटी शेवटी कुणी जवळ बसत नव्हतं. मोफत एआरटी २००४ मध्ये सुरू झालं, त्यांना ते मिळालंच नाही. गावाच्या लेखी एचआयव्ही म्हणजे अजून ते काकाच. रोज लोकलने ऑफिसला जाणारा, रविवारी क्रिकेट खेळणारा माझा भाऊ त्यांच्या डोळ्यांसमोर येणारच नाही.

कायदा आहे, हे वाचलंय. २०१७ चा, सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्यानुसार आजाराची माहिती सांगायची सक्ती करता येत नाही, त्यावरून नोकरीत भेदभाव करता येत नाही. पण भावकीची तोंडं कायद्याने कशी बंद करायची?

केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी पॉझिटिव्ह मुलामुलींच्या वधू-वर मेळाव्यांचं सुचवलं. भावाची ना नाही. पण तिकडे जायचं तर नेहमीची स्थळं का नाकारतोय, हे आईबाबांना सांगावंच लागेल. आईला रक्तदाबाचा त्रास आहे आणि बाबा एकदम गप्प होणारे आहेत. मग आधी त्यांना सांगू का? त्यांना समुपदेशकांकडे नेऊन तिथेच सांगितलं तर बरं पडेल का?

आणि नेहमीच्या स्थळांतली मुलगी असेल तर पत्रिका जुळायच्या आधीच सांगावं, की दोघं एकदोनदा भेटून बोलल्यावर? फार उशीर झाला तर तिच्यावर अन्याय होतो, कारण तोवर तिच्या घरचे होकाराच्या तयारीत असतात. तिने स्वतःच्या आईला सांगू नये, असं म्हणायचा हक्क तरी आम्हाला आहे का?

ज्यांनी स्वतः हे सांगितलंय, किंवा ज्यांना लग्नाआधी कुणी सांगितलं होतं, त्यांनी कृपया लिहा. नेमके कोणते शब्द वापरले, कुठे बसून बोललात, समोरच्याने पहिलं काय विचारलं, हे कळलं तर भावाला तयारी करता येईल. इथे उघड लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.