नववीच्या पोरांना कलम बांधायला शिकवतोय, पण कलमं जगत नाहीत

गुहागरचा_मास्तर:
आमच्याकडे नववीला कार्यानुभवाचे तास असतात, कागदी फुलं करून पोरं कंटाळली म्हणून गेल्या पावसात हापूसची कोय कलमं (कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी जोडायची) घेतली, पिशव्या भरल्या, 60 बांधली आणि जगली 7. पोरांची तोंडं बघवेनात. वर एक पालक म्हणाले, शेतीच करायची तर शाळेत कशाला पाठवू? चुकलं कुठे?

देवगडवाला:
कोयी सुकवून ठेवलेल्या काय? ताज्याच पेरायच्या, पाण्यात टाकून तरंगतात त्या फेकायच्या. आणि रोप 10-15 दिवसांचं, पान तांबूस असतानाच बांधायचं. पान हिरवं झालं की कोय कलमाची वेळ गेली.

गुहागरचा_मास्तर:
कोयी ताज्याच होत्या हो. पण मध्ये चाचणी परीक्षा आली नि काम तीन आठवडे लांबलं, तोवर सगळी हिरवीगार.

नर्सरीवाली_लांजा:
मग तिथेच गेलं सर. काडी पण बघा, 3-4 महिन्यांची हवी, शेंड्याचा डोळा फुगलेला, आणि कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं छाटायची, देठ तेवढे ठेवायचे. जोडावरची पट्टी गच्च बांधा, आत पावसाचं पाणी गेलं तर कलम कुजणारच. जगलेल्या सातांवर जोडाच्या खालून फुटवे येतील ते खुडत राहा, नाहीतर हापूस राहील बाजूला आणि खालचं रायवळ, म्हणजे कोयीचं गावठी झाडच वाढेल. पोरांना आधी जास्वंदीच्या काड्यांवर पाचर कापायला लावा, पहिल्याच दिवशी आंब्यावर ब्लेड देऊ नका.

मालवणी_माणूस:
त्या पालकांका सांगा, पावसात कलमा बांधणारो शोधून मिळत नाय आमच्याकडे, मिळालो तर भाव खाता.
जमलं तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात सहल न्या. नीलम आणि हापूसचा संकर करून केलेला रत्ना आंबा तिथलाच, 1981 चा, काजूच्या वेंगुर्ला जातीपण तिथल्याच. कोणाला पुढे यातच जायचं असेल तर दहावीनंतर कृषी पदविका आहे, बीएस्सी अ‍ॅग्रीला मात्र बारावी सायन्स आणि सीईटी लागते. दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 पासून आपल्या दारात आहे, तरी आपली पोरं मुंबईची गाडी पकडतात. असो.

गुहागरचा_मास्तर:
यंदा 30च करतो, चाचणीच्या आधी उरकतो. फक्त तीस पोरांच्या हातात ब्लेड द्यायचं हे मुख्याध्यापकांना कसं पटवू तेवढं कोणीतरी सांगा.