तिखट ‘झेपतं’, ‘मानवतं’ की ‘सोसवतं’?

शब्दपाखरू : मिरचीच्या सॉसच्या बाटलीवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. ‘हीट टॉलरन्स वाढवा’ याला पहिल्या खर्ड्यात ‘उष्णता-सहनशीलता’ असं लिहिलं गेलंय. कानाला खटकतंय. रोजच्या बोलण्यातला नेमका शब्द कोणता?

खलबत्ता : उष्णता-सहनशीलता भट्टीच्या विटेला असू द्या. मराठीत गरम वेगळं, तिखट वेगळं आणि उष्ण तिसरंच. चहा गरम, ठेचा तिखट, बाजरी उष्ण. तिघांची गल्लत मराठी माणूस करत नाही.

शरीर मात्र करतं. मिरचीला तिखट करणारं कॅप्सायसिन ज्या चेतातंतूंवर बसतं, तिथला ग्राही (संवेदना टिपणारं प्रथिन, रिसेप्टर) एरवी साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरची उष्णता लागली की उघडतो. तो डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधला, त्यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. म्हणजे ‘तोंडाची आग झाली’ हा अलंकार नव्हे. मेंदूला खरोखरच भाजल्याची वर्दी जाते, जीभ मात्र भाजलेली नसते.

आता तुमचा ‘टॉलरन्स’. एकच शब्द शोधू नका, कारण मराठीने या कामाला चार-पाच क्रियापदं लावलेली आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. ‘चालतं’ म्हणजे हरकत नाही, किती ते कळत नाही. ‘झेपतं’ यात मात्रा आली : दोन मिरच्या झेपतात, तिसरी नाही. ‘सोसवतं’ बहुधा नकारातच येतं, ‘आता तिखट सोसवत नाही’, आणि त्यात वयाचा किंवा दुखण्याचा सूर असतो. ‘मानवतं’ हे पोटाचं क्रियापद, त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी लागतो. उलट ‘बाधतं’. आणि सवयीने जे घडतं ते ‘सरावणं’. जीभ सरावते. बाटलीवर हेच हवं.

शब्दपाखरू : ‘निर्ढावणं’ कसं वाटतं? जोरकस आहे.

खलबत्ता : त्यात निंदा आहे. निर्ढावतो तो गुन्हेगार. सरावलेल्या जिभेला मिरचीखालची चव कळत राहते, म्हणून तर लोक सराव करतात. ‘पचवणं’ही टाळा, त्याला लाच आणि अपमानाचा वास येतो.

रस्सावाला : सरावाचं म्हणाल तर बाटलीवर नुसतं ‘हळूहळू वाढवा’ लिहून भागणार नाही, माप सांगा. पाव चमचा, तोही भाकरी-लोण्याबरोबर किंवा दहीभातात. रोज एकदा, आठवडाभर तेवढंच. पुढच्या आठवड्यात अर्धा चमचा. मिरच्यांची चढण लावायची तर आधी ब्याडगी (रंग फार, तिखटपणा बेताचा), मग संकेश्वरी, मग लवंगी. पायरी गाळली की तोंड हुळहुळतं आणि माणूस महिनाभर मिरचीकडे बघत नाही, म्हणजे कमावलेला सरावही जातो.

दुसरी चूक घाईची. घासामागून घास मारला तर आग एकावर एक चढत जाते. पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा खाल्लं तर तेच तिखट कमी लागतं, कारण तेवढ्या वेळात ते चेतातंतू मंदावतात. म्हणून मिसळ खाताना गप्पा मारणारा टिकतो, पैज लावणारा उठतो.

आणि पाणी नको. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्याने ते तोंडभर पसरतं. दूध किंवा दही घ्या : त्यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून नेतं. घोट तोंडात घोळवायचा, गटकन गिळायचा नाही. चिमूटभर साखर जिभेवर ठेवली तरी उतार पडतो.

वऱ्हाडी_तर्री : याच कारणाने तर्री जपून. कॅप्सायसिन तेलात उतरतं आणि तेल वर तरंगतं, तेव्हा रश्श्याचा सगळा जोर वरच्या थरात असतो. नवख्याला वाढताना पळी खालून घाला. शब्दाचं पाहा : नागपूरकडे तर्री, कोल्हापुरात कट, पुण्यात सँपल मागतात. तिन्हींत थोडा थोडा फरक आहे, पण तो वाद इथे सुरू केला तर मूळ प्रश्न राहील बाजूला.

एक गोष्ट मात्र लिहाच. ‘तिखट’ हे विशेषणही आहे आणि नामही. ‘तिखट कमी आहे’ म्हणजे चव कमी की डब्यातली पूड संपत आली? कोल्हापूर-साताऱ्याकडे कांदा-लसूण घातलेल्या वर्षभराच्या मसाल्याला नुसतं ‘चटणी’ म्हणतात. तिकडच्या कृतीत ‘दोन चमचे चटणी’ वाचून कुणी निव्वळ लाल तिखट दोन चमचे टाकलं, तर रस्सा ओतूनच द्यावा लागेल.

वरवंटा : पहिल्या ओळीतल्या ‘खर्ड्या’कडे कुणाचं लक्ष गेलं की नाही? मजकुराचा खर्डा आणि मिरचीचा खर्डा, दोन्ही खरडण्यातून आलेले. दहा हिरव्या मिरच्या, सहा-सात लसूण पाकळ्या तव्यावर चमचाभर तेलात डाग पडेपर्यंत परतायच्या, जाडं मीठ घालायचं आणि तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडायच्या. खलबत्त्यात कुटला की तो ठेचा. मिरचीला चीर न देता तेलात टाकली तर ती फुटून डोळ्यांवर उडते, आणि लसूण आधी टाकला तर तो करपून खर्डा कडवट होतो. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर ठसक्याने घर डोक्यावर घेईल.

कमी तिखट हवा असेल तर बिया झटकून फार उपयोग नाही. बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात खरा जाळ असतो, बियांना तो फक्त माखलेला असतो. गाभा काढा.

विशेषणंही नीट निवडा. ‘झणझणीत’ ही शाबासकी, ‘जळजळीत’ ही तक्रार. ‘तिखटजाळ’ म्हणणारा ताट सरकवतो. ‘जहाल’ मिरचीला शोभतं, पण त्याच्या मागे मवाळ उभे राहतात आणि वाचक थेट १९०७ च्या सुरत काँग्रेसला जाऊन पोचतो.

शब्दपाखरू : मालिकेतल्या एका बाटलीत भूत जोलोकिया आहे. तिला काय म्हणू?

खलबत्ता : ‘अतितिखट’ पुरे. आकडा द्यायचा तर विल्बर स्कोव्हिल यांची १९१२ ची मोजणी वापरा : मिरचीचा अर्क साखरपाण्यात किती पट पातळ केला म्हणजे तिखटपणा कळेनासा होतो, ते ती सांगते. आता हे काम यंत्र करतं, एकक तेच राहिलं. ईशान्येच्या भूत जोलोकियाने दहा लाखांचा टप्पा ओलांडला म्हणून २००७ मध्ये गिनीजमध्ये नोंद झाली. २०२३ मध्ये ‘पेपर एक्स’ या मिरचीची नोंद २६,९३,००० वर गेली. त्यापुढे लवंगी बापडी घरचीच वाटते.

या बाटलीचं माप चमच्यात देऊ नका, थेंबात द्या. काडीच्या टोकावर एक थेंब, वाटीभर रश्श्यात. आणि हाताला लागलं तर आधी तेल चोळून मग साबणाने धुवायला सांगा. नुसत्या पाण्याने धुतलेला हात तासाभराने डोळ्याला लागतो. जीभ सरावते, डोळे नाहीत.

शब्दपाखरू : मग असं करतो : ‘जिभेला तिखटाचा सराव करा. पाव चमच्यापासून सुरुवात. झेपेल तेवढंच घ्या. आम्लपित्त किंवा अल्सर असल्यास टाळा. उपाशीपोटी घेऊ नका.’

वरवंटा : ‘उपाशीपोटी’मध्ये दारिद्र्य किंवा एकादशी डोकावते. सकाळी काही न खाता, एवढंच सांगायचं असेल तर ‘अनशापोटी’ लिहा. वैद्यांच्या पुड्यांवर असायचा तो शब्द, इथे चपखल बसेल.

वऱ्हाडी_तर्री : शब्द फक्कड आहे, पण पंचविशीच्या आतल्या गिऱ्हाईकाला कळणार नाही आणि बाटली घेणारा तोच. ‘रिकाम्या पोटी’ ठेवा.